फोन कोण उचलणार? इंदूरच्या एका मर्तिकाच्या दुकानाचं हस्तांतरण

हे प्रकरण लिहायला काकांनी स्वतः हो म्हटलं, अट एकच, नाव, आडनाव आणि दुकानाचा पत्ता कुठे येता कामा नये. म्हणून इथे ते फक्त काका, आणि त्यांच्याकडे कॉलेज सोडल्यापासून काम करणारा माणूस तो भिया, कारण इंदूरमध्ये त्याला आख्खी गल्ली तेच म्हणते. मी छोट्या घरगुती धंद्यांचे हिशेब आणि भागीदारीचे कागद बघतो, किराणा, छापखाना, नमकीनवाले असे बरेच झाले, आणि बहुतेक ठिकाणी प्रश्न पैशाचा किंवा भावकीचा असतो. इथे प्रश्न होता की रात्री तीनला वाजणारा फोन काकांच्या नंतर कोण उचलणार, आणि मला वाटतं या धंद्यात वारस शोधायचा तर शोध तिथूनच सुरू व्हायला हवा, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

दुकान काकांच्या वडिलांनी सुरू केलं. तेव्हा फक्त कळकाचे बांबू, सुतळी, मडकी, पांढरं मांजरपाट, गुलाल-बुक्का, राळ, तीळ, दर्भ एवढंच असायचं. लोक येऊन सामान घेऊन जायचे आणि तिरडी गल्लीतलेच चार जाणते बांधायचे. आता ते जाणते राहिले नाहीत, तिरडी कशी बांधतात हे तिशीतल्या पोराला माहीतच नसतं, त्यामुळे दुकानाचा माणूस घरी जाऊन बांधतो. मग गाडी आली, मग फ्रीजर पेटी आली, आणि खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत धंदा पेटीनेच बदलला. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, या मराठी वस्त्यांमध्ये घरोघरी म्हातारे आई-वडील आणि मुलं पुण्यात, बंगळूरात नाहीतर अमेरिकेत अशी स्थिती आहे. पूर्वी दोन-तीन तासांत मयत उठायची, आता मुलगा येईपर्यंत एक रात्र, कधी दोन रात्री बॉडी ठेवावी लागते. पहिला फोन बऱ्याचदा घरातून येतच नाही, तो परदेशातून येतो, शेजाऱ्यांनी नंबर दिलेला असतो आणि पलीकडचा माणूस रडत रडत विचारतो की मी पोचेपर्यंत तुम्ही सगळं बघाल का.

हे "सगळं" म्हणजे काय ते सांगतो, कारण हस्तांतरणात हेच द्यायचं होतं. घरी मृत्यू झाला तर आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे का, नसेल तर कोणत्या डॉक्टरला बोलवायचं. पडून, जळून किंवा काही संशयास्पद झालं असेल तर हात न लावता पोलिसांना कळवायचं, कारण मग पंचनामा होतो (१ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली), आणि पोस्टमॉर्टेम होतं. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, म्हणून हा प्रश्न पहिल्याच फोनवर हळूच विचारायचा, आणि हो म्हणाले तर पंखा बंद करा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या हे तिथल्या तिथे सांगायचं. मग पंचक (मृत्यूला अशुभ मानलेली पाच नक्षत्रं) आहे का बघायचं. मग मुक्तिधाम कुठलं, पंचकुइया, रामबाग, जूनी इंदूर, तिलक नगर की रीजनल पार्क, लाकडं की कंडे (गोवऱ्या) की विद्युत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत (१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने), ती राहिली आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही आणि घरच्यांचे बँकेचे, विम्याचे, पेन्शनचे सगळे कागद अडकतात.

आणि याच्यावर आपली मराठी पद्धत वेगळी. माळव्यात तिसऱ्या दिवशी उठावना (शोकसभा), मग तेरहवीं, पगडी (वारसाला पगडी बांधतात ती). आपल्याकडे खांद्यावरचं मडकं, त्याला पाडलेली भोकं, ज्या दगडाने ती पाडतात तो अश्मा जपून ठेवायचा कारण तो दहाव्यापर्यंत लागतो, दहाव्याला पिंड आणि कावळा. सवाष्ण गेली असेल तर हिरवी साडी, ओटी. गुरुजी सगळेच हे काम करत नाहीत, जे करतात त्यांच्यातही ऋग्वेदी कोण, यजुर्वेदी कोण, उज्जैनला शिप्रेवर सिद्धवटाला कोण येईल, नर्मदेला खेडीघाटावर कोण, ही यादी काकांच्या डोक्यात होती. कागदावर एक ओळ नव्हती!

काकांना वारस हवा हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. थोरला मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला काकांनी सरळ कधी विचारलंच नाही, त्यानेही सरळ नाही कधी म्हटलं नाही, दिवाळीत आला की दुकानात बसायचा, गाडीचा इन्शुरन्स भरायचा, आणि त्यावरून काकू धरून चालल्या होत्या की चाळिशीनंतर परत येईल. मी काकांना म्हणालो की या धंद्यात "बघू पुढे" सगळ्यात महाग पडतं, कारण मालक अचानक आजारी पडला तर दुकान आठवड्यात बंद पडतं, गिऱ्हाईक वाट बघू शकत नाही ना. मुलाला फोन लावला, स्पीकरवर, काका-काकू समोर. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, बाबा, मी नाही येणार, मुलांची शाळा इथे आहे, आणि मला रात्रीचं ते जमणार नाही, मला लहानपणापासून जमलेलं नाही. काकू रडल्या. काकांनी एवढंच म्हटलं, बरं झालं बोललास. मला हा फोन या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी फोन वाटतो, तो पाच वर्षं आधी झाला असता तर बरंच सोपं गेलं असतं.

मग पुतण्या. तो तयार होता, उत्साहीही होता, पण त्याला हे साइड बिझनेस म्हणून हवं होतं, त्याचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान चालू ठेवून. काही महिने रात्रीचा फोन त्याच्याकडे दिला आणि सकाळी काकांना मिस कॉल दिसायचे. त्याला नुसता दोष देणं बरोबर नाही, त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलीकडच्यांनी विचारलं की मुलगा काय करतो, उत्तर ऐकून ते चहा अर्धा टाकून उठले. ही गोष्ट आपल्या लोकांमध्ये आहे, सुशिक्षित घरांमध्ये आहे, मयत घरात असताना ज्या माणसाचे हात आपण धरतो त्याच्या घरी मुलगी द्यायला तयार नसतो, आणि मला याचा राग येतो. पुतण्या बाजूला झाला, लग्न ठरलं, विषय संपला.

तिसरी ऑफर बाहेरून आली, लग्नाचे इव्हेंट करणाऱ्या एका ग्रुपकडून, एकरकमी आणि चांगली. त्यांना बोर्ड, नंबर आणि आडनाव हवं होतं, त्यावर ते तीन पॅकेज बसवणार होते. कागदावर मी स्वतः ती ऑफर गंभीरपणे मांडली, काकांचं वय, काकूंचा औषधपाणी खर्च बघता ती नाकारण्यासारखी नव्हती. गाडी आणि पेट्यांची किंमत त्यांनी बरोबर धरली. अडलं ते वहीवर.

ही वही मी हातात घेऊन बघितली, लाल पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली, असल्या बऱ्याच आहेत. नोंदी अशा, "राजेंद्र नगर, पिवळा बंगला, आजी, रात्री अडीच, पेटी एक रात्र". रक्कम नाही. काकांचा नियम असा की मयताच्या घरात पैशाचा शब्द काढायचा नाही, तेराव्यानंतर लोक स्वतः येतात, सामानाचा भाव दुकानात पाटीवर लिहिलेला आहे, तो देतात. काही देत नाहीत, त्यांच्या नोंदीवर दोन वर्षांनी आडवी रेघ, म्हणजे पैसे सोडले. बेवारस बॉडीच्या नोंदीपुढे सुरुवातीलाच रेघ. इव्हेंटवाल्यांच्या अकाउंटंटने ही वही बघून म्हटलं की उधारी शून्य धरा. त्याच्या जागी तो बरोबर होता. पण माझं म्हणणं होतं आणि आहे की धंद्याचं गुडविल, म्हणजे नावाची पत, जर कुठे असेल तर ते या वहीत आहे, तीच घरं पुन्हा बोलावतात, आजी गेली तेव्हाचं लक्षात ठेवून आजोबांच्या वेळी त्याच नंबरला फोन करतात, आणि अर्धे पैसे ॲडव्हान्स मागणारा माणूस आला की हा धागा पहिल्याच वर्षी तुटतो. काकांनी ऑफर नाकारली, काकू त्यांच्यावर बरेच दिवस नाराज होत्या, आणि त्यांची नाराजी रास्त होती.

उत्तर मिळालं ते काका आजारी पडल्यावर. छातीत दुखलं, ॲडमिट केलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि फोन भियाच्या खिशात गेला कारण दुसरा कोणी नव्हताच. दोन आठवड्यांत एकही काम अडलं नाही. काका घरी आले आणि त्यांनी वही उघडली, तर भियाने सगळ्या नोंदी केल्या होत्या, हिंदीत, मोडक्या अक्षरात, पण केल्या होत्या, आणि एका नोंदीपुढे सुरुवातीलाच आडवी रेघ होती. काकांनी विचारलं ही कोण, तर म्हणाला बाई एकट्याच राहत होत्या काका, कोणी नव्हतं, मी मारून दिली रेघ, माझ्या पगारातून कापा. काकांनी मला त्या दिवशी संध्याकाळी बोलावलं.

भिया मूळ देवासकडचा, घरात माळवी बोलतात, मराठी तो दुकानात शिकला आणि गिऱ्हाइकाशी मराठीतच बोलतो, लिंगाची गडबड होते त्याची आणि वळण हिंदीचं, "काकू, बसून घ्या, पाणी पिऊन घ्या, घाई नाही काही" असं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनात, जेव्हा घरचे लोकसुद्धा जवळ यायला घाबरत होते, तेव्हा तो किट घालून गाडी चालवत होता. एवढी वर्षं तो डोळ्यासमोर होता आणि वारसाच्या यादीत त्याचं नाव कुणाच्याच मनात आलं नाही, कारण यादी आपण रक्ताच्या नात्यातून सुरू करतो, मग जातीतून, मग पैसेवाल्यातून, आणि रोज काम करणारा माणूस नोकर म्हणूनच दिसत राहतो. दुसरं नाव जे कुणाच्या मनात आलं नाही ते काकांच्या मुलीचं. ती इंदूरमध्येच, लग्न झालेलं, एका दवाखान्यात ऑफिसचं काम करते, दुकानाचा इन्कम टॅक्स आणि गाडीचे कागद आधीपासून तीच बघायची. तिला मी विचारलं तर म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही हो आजपर्यंत. तिने रात्रीचं काम घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं, पण हिशेब, नोंदणीचे कागद, आणि एक गोष्ट जी काकांनाही सुचली नव्हती, बाईमाणूस गेलं की अंघोळ घालायला, साडी नेसवायला घरातल्या बायका गोंधळतात आणि त्यांना दुकानाकडून बाईच हवी असते, ती व्यवस्था मी उभी करते म्हणाली.

आता कागद. काकांचा धंदा प्रोप्रायटरशिप, म्हणजे कायद्याने धंदा आणि काका वेगळे नाहीतच, जसाच्या तसा कोणाच्या नावावर करता येत नाही. म्हणून १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली नवी फर्म केली, नवं पॅन, नवं करंट खातं, आणि फर्म रजिस्टर केलीच, कारण रजिस्टर नसलेल्या फर्मला कलम ६९ मुळे पैशासाठी कोर्टात जाता येत नाही आणि भागीदारालाही आपला हक्क कोर्टातून मागता येत नाही. भियाच्या बाजूने बघितलं तर हे फार महत्त्वाचं, तोंडी शब्दावर राहिलेला नोकर उद्या मालकाच्या मुलांसमोर काय सिद्ध करणार? पहिल्या वर्षी काका ५० टक्के, भिया ३५, मुलगी १५. दरवर्षी काकांचे १५ भियाकडे, तिसऱ्या वर्षाअखेर काका निवृत्त, त्यांचं उरलेलंही भियाकडे, म्हणजे त्याचे ८५. भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते (कलम ४२, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर), काकांचं हृदय बघता फर्म चालूच राहील असं स्पष्ट लिहिलं.

भियाकडे भांडवल नव्हतं. गाडी आणि पेट्या काकांचं भांडवल म्हणून धरल्या, गुडविलची रक्कम पाच वर्षं दर महिन्याला फर्मने द्यायची, काका गेले तर ती काकूंना चालू. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये हे नीट सांगितलंय की गुडविलच्या बदल्यात मिळणारा नफ्याचा हिस्सा किंवा मृत भागीदाराच्या विधवेला मिळणारी वार्षिकी, एवढ्याने कोणी भागीदार होत नाही, म्हणजे काकूंवर धंद्याच्या देण्याचा बोजा येत नाही, आणि हे वाक्य मी काकूंना दोनदा वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. नव्या पेटीसाठी भियाने सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतून किशोर गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाखाच्या टप्प्यात कर्ज घेतलं, त्याला तारण लागत नाही. गाडीची आरसी फर्मच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि इन्शुरन्सला १४ दिवसांत कळवायचं, शववाहनाचा ॲक्सिडेंट झाला आणि विमा जुन्या नावावर असला तर फार वाईट अडकतो माणूस. जीएसटीचा प्रश्न भियानेच विचारला, तर अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा कायद्याच्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये आहेत, त्यांच्यावर जीएसटी लागतच नाही, सामानविक्रीचा हिशेब मात्र वेगळा ठेवायचा.

आडनावावर वाद झाला. बोर्डवर आणि गाडीवर घराण्याचं आडनाव, थोरल्याचं म्हणणं की धंदा आपला राहणार नाही तर नाव काढा, उद्या काही चुकलं तर आपल्या नावाने बोलतील. काकांचं म्हणणं की नाव काढलं तर भियाला दिलं काय, बांबू? शेवटी असं ठरलं की नाव पाच वर्षं राहील, तोवर वहीचा नियम (घरात पैसे मागायचे नाहीत, पाटीवरचाच भाव) फर्मला बंधनकारक, नियम मोडला तर काका नाव काढून घेऊ शकतात. बदल्यात काका शहरात हाच धंदा पुन्हा काढणार नाहीत, गुडविल विकताना अशी वाजवी अट कायद्याला चालते. थोरल्याने मेलवर होकार दिला.

सह्या झाल्या, पेढे वाटले नाहीत, या दुकानात पेढे वाटत नाहीत. आणि मग खरा अवघड भाग सुरू झाला कारण फोन काकांच्या उशाशीच होता. फोन वाजायचा, काका उचलायचे, सगळं विचारून घ्यायचे आणि मग भियाला कळवायचे, म्हणजे भागीदार झालेला माणूस पुन्हा निरोप्या. डॉक्टरांनी झोप हवी म्हणून सांगितलेलं. काकू रात्री फोन सायलेंट करायच्या, काका उठून चालू करायचे. मला भिया म्हणाला, साहेब मला पैसा बराबर मिळतोय, पण घरवाल्यांशी पहिली बात काकाच करतात, तर घरवाले मला ड्रायव्हरच समजतात. अगदी खरं होतं ते. या धंद्यात पहिल्या फोनवर जो बोलला तोच तेराव्यापर्यंत त्या घराचा माणूस असतो.

तेव्हा आधी फक्त रात्री दहा ते सकाळी सहा कॉल भियाच्या मोबाईलवर फॉरवर्ड केले. काकांना दोन-चार रात्री झोपच लागली नाही, मग लागली. पुढच्या महिन्यात दुपारचे कॉल. सकाळचे काकांकडे ठेवले, आणि त्यांना एक काम दिलं, जुन्या वह्यांमधल्या घरांना, जिथे आता एकटे म्हातारे राहतात, स्वतः भियाला घेऊन जायचं आणि तोंडाने सांगायचं की आता हा बघतो, नंबर तोच आहे. मयताचं दुकानवाले जिवंतपणी घरी गेले तर लोकांना कसं वाटेल अशी मला धास्ती होती, पण लोकांनी चहा दिला, दोघा-तिघांनी तर आपलं देहदानाचं ठरलंय, कागद कपाटात कुठे आहेत तेही दाखवून ठेवलं. याच फेऱ्यांमध्ये गुरुजींची यादी पण कागदावर आली, काका सांगत गेले आणि मुलीने मोबाईलमध्ये टाईप करून घेतली, कोण कुठल्या शाखेचा, कोणाला स्कूटरवर आणावं लागतं, कोणाला दक्षिणा आधी विचारलेली आवडत नाही, सगळं. सगळ्यात शेवटी सिम फर्मच्या नावावर केलं.

आज रात्रीचे आणि दुपारचे कॉल भिया घेतो, मुलीने दोन बायका तयार केल्यात, त्यातली एक सवाष्णीचं सगळं नीट करते आणि तिला कामागणिक पैसे फर्ममधून जातात. पुतण्याने परवा एका मित्राच्या घरच्यांना याच नंबरवर फोन करायला सांगितलं. एकच गोष्ट लटकलेली आहे, दुकानाचा गाळा अजून काकांच्या वडिलांच्या नावावर आहे, त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात आणि नागपूरच्या आत्यांची सही यायची आहे, त्यांची तब्येत बरी नाही म्हणून मुलगी पुढच्या महिन्यात कागद घेऊन जाणार आहे, तोवर भाडं फर्म काकांच्या हातून भरते आणि करारात ते तसंच लिहून ठेवलेलं आहे.